तोतारामची कॅसेट

रावेरकडच्या केळीच्या पट्ट्यात कुठंही विचारा, पंच कोण? तोताराम! माझा धाकटा भाऊ. भांडण कितीबी गुंत्याचं असो, तो पारावर बसला की चहा थंड व्हायच्या आत निवाडा. पण मला त्याचा खरा अभिमान वेगळ्याच गोष्टीचा आहे.

शहाऐंशी साल. जीवरामनं आपल्या शेतातली गाडीवाट नांगरून टाकली. धुरपदाबाईची केळी त्याच वाटेनं सडकेवर यायची. बाई विधवा, बाग कापणीला आलेली. घड वेळेत निघाले नाहीत तर जागेवर पिकून सडणार. बैठक बसली आणि तोतारामनं सांगून टाकलं, "नकाशात वाट नही. अक्का, तू नाल्याकडून गाडी ने." नाल्यात भरली गाडी रुतायची, तरी बाई उठून गेली.

आमचा जावई रतिलाल दीपनगरहून आलेला. नव्या टेपरेकॉर्डरचं कौतुक, त्यानं सगळी बैठक भरून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर लावली. मी म्हटलं, बघा, रेडिओवर शोभंल असा आवाज!

टेपमध्ये धुरपदाबाई म्हणाली, "भाऊ, विहिरीचं त..."

"समजलं मले, अक्का."

"तसं नही, ह्याच्या बापानं..."

"समजलं, समजलं! जीवराम, आते तू बोल."

जीवराम मात्र पोटभर बोलला होता.

ओट्यावरचे हसले. तोताराम हसला नाही. "जावईबापू, मांगे घ्या जरा." पुन्हा ऐकलं. मग मला म्हणतो, "नाना, मी नेहमी असाच बोलतो का?"

"दमदार बोलतोस!"

"दम नही इचारत. अक्का काय सांगत व्हती? समजलं म्हनलो मी. काय समजलं मले?"

टोपी घातली आणि निघाला. मी मागं. "अरे, निवाडा फिरवला त लोक नावं ठेवतील!"

"ठेवू द्या. ऐकलंच नही, त निवाडा कशाचा?"

धुरपदाबाई अंगणात तूर पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "आते काय राह्यलं, भाऊ? तुले त समजलं सारं."

हा तिच्यासमोर भुईवर बसला. "नही समजलं, अक्का. तू सांग."

तिनं सांगितलं. जीवरामच्या बापानं वाट दिली होती आणि तिच्या नवऱ्यानं बदल्यात आपल्या विहिरीचं पाणी. "त्यानं वाट नांगरली. पानी मी अजून नही तोडलं. त्याच्याबी केळीच हायेत ना."

त्याच दिवशी पारावर पुन्हा बैठक. सगळ्या गावासमोर माझा भाऊ उभा राहिला. "काल मी चुकलो. अक्काले बोलू दिलं नही." मग एवढंच विचारलं, "जीवराम, तुह्या बागेले पानी कोन्या विहिरीचं?"

जीवराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. संध्याकाळी फावडं घेऊन त्यानंच वाट सपाट केली. धुरपदाबाईची घडांनी भरलेली गाडी आमच्या ओट्यासमोरून गेली, तेव्हा मी मिशीला पीळ भरला. का नाही भरायचा?

रतिलालला त्या कॅसेटवर गाणी भरायची होती. तोतारामनं ती दिली नाही. भुसावळहून स्वतःचा टेप आणला. आता दहा वर्षं होत आली. बैठकीला जायच्या आधी ती कॅसेट लावतो, मान खाली घालून स्वतःलाच ऐकतो, मग टोपी घालतो. निवाडा आता उशिरा लागतो. लोक कंटाळून दुसरा चहा मागवतात. मागवू देत! माझा भाऊ आधी विचारतो, "झालं का तुह्यं सांगून?" आणि मगच तोंड उघडतो.

असा दुसरा पंच दाखवा मला.