जीपच्या टपावरची बिऱ्हाडं

वांगी भाजून होईपर्यंत तोंड गप्प ठेवणं आमच्या भरीत मंडळाला जमत नाही, त्यामुळे किस्से साचत जातात. गेल्या वर्षभरात तर सगळे किस्से एकाच गोष्टीचे : सुनीलच्या जीपच्या टपावर बसवलेला तंबू!

सुनील पिंप्राळ्यात माझा शेजारी. त्याचे वडील, आबा, जन्मभर साक्रीच्या मळ्यात उघड्यावर बाजेवर झोपलेले. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून सुनीलने त्यांना फ्लॅटवर आणलं, पण आबांना इथे झोपच लागेना. दाराशी भरलेली पिशवी, आणि रोज सकाळी एकच वाक्य, "मी साक्रीले जास!" तिकडे एकट्याने राहणार कसे, या काळजीने सुनील पार वाळला होता.

"महिन्यातून दोनदा आबांना मोकळ्या रानात झोपवून आणतो. मग तरी राहतील!" असं म्हणून त्याने तंबूचं डोक्यात घेतलं.

*

पहिला प्रश्न : कापडी तंबू की कडक झाकणाचा, हार्ड शेल? आमचा पम्या स्वयंघोषित एक्सपर्ट. त्याने दोन्हींवर तासभर लेक्चर दिलं. शेवटी स्वयंपाकघरातून सुनीलच्या बायकोने, ज्योतीवहिनींनी विचारलं, "झाकण वरून सपाट असतं ना?"

"हो वहिनी."

"मग त्यावर बिबड्या वाळतील!"

ज्वारीच्या पापडांनी निकाल दिला. हार्ड शेल फायनल!

*

दुकानदाराने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "सर, गाडीच्या टपाची लोड कपॅसिटी किती?"

सुनील कागदपत्रं शोधायला लागला. पम्याने फोन हिसकावला. "माझ्या लग्नाला टपावर चौदा वऱ्हाडी बसून आले होते. बँडवाले वेगळे!"

मग दुकानदार म्हणाला, "सर, मी जरा आमच्या साहेबांशी बोलतो."

*

शोरूममध्ये सेल्समन आतली लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये सांगत होता. वहिनींनी ते ऐकूनच घेतलं नाही. घरून आणलेली गोधडी काढली, शिडी चढल्या आणि सॅम्पलच्या तंबूत अंथरली.

"गोधडी मावली, म्हणजे माणूस मावला!"

सेल्समनने ते वहीत लिहून घेतलं. खोटं सांगत नाही!

*

आधी आठ दिवसांच्या ट्रायलवर आला तो पेटीच्या झाकणासारखा एका बाजूने उघडणारा तंबू. कॉलनी जमवून पम्याने उद्घाटन केलं. खटका ओढला, झाकण झपकन वर गेलं, आणि त्यावर वाळत घातलेल्या दीडशे बिबड्या शेजारच्या काकांच्या नुकत्याच धुतलेल्या स्कूटरवर!

सुनीलने सरळ वर उचलला जाणारा तंबू बदलून मागितला. दुकानदाराने कारण विचारलं. सुनीलने खरं ते सांगितलं.

"बिबड्या घसरतात."

*

नवा तंबू बसला. आबांनी शिडीकडे एकदा पाहिलं. "आते हाई वय शे का शिडी चढानं?" सुनीलचा चेहरा असा उतरला की मलाच कसंतरी झालं. एवढा खटाटोप ज्यांच्यासाठी, तेच नाही म्हणाले.

तरी रविवारी साक्रीच्या बाजूला जायचं ठरलं. शनिवारी दुपारी तंबू हवा खायला उघडून ठेवला होता. तेवढ्यात वहिनींचा ओरडा : "दाराशी पिशवी नाही! आबाही नाहीत!"

पम्या स्टँडवर धावला. मी रिक्षावाल्यांना विचारत सुटलो. सुनील साक्रीला फोनवर फोन लावत होता. कुणालाच आबा दिसले नव्हते.

हताश होऊन परत आलो, तर वहिनी जीपजवळ उभ्या. बोट खाली. शिडीच्या पायथ्याशी आबांच्या चपला, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या. वरून घोरण्याचा आवाज.

सुनील बुटांसकट शिडी चढू लागला. दुसऱ्याच पायरीवर घोरणं थांबलं. खिडकीची चेन सरकली आणि आबांचं डोकं बाहेर आलं. मागे हुकाला ती पिशवी टांगलेली.

"बूट खाले काढ, मंग वर ये!"