इन्साच्या वाळूतल्या माश्या

शनिवारी दुपारी आमच्या गावची दफनभूमी बाजारापेक्षा गजबजलेली असते. जो तो आपापल्या माणसाच्या कबरीवर वाकलेला. तण उपटायचं, फुलझाडं बदलायची आणि शेवटी भोवतालच्या वाळूवर दाताळं फिरवून सरळ रेघा ओढायच्या. जिवंतपणी ज्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं, त्याच्याही कबरीवर गवताचं पातं टिकत नाही. रेघा वाकड्या आल्या तर रविवारी चर्चच्या दारात तो विषय होतो.

आल्मूट बेनेकेच्या मुलीची कबर तेवढी उघडीवाघडी. नुसती वाळू, उशाशी एक दगड आणि त्यावर इन्सा हे नाव. मार्च ते मे त्या वाळूला दाताळं लागत नसे. "आईचे हात झडलेत की काय?" असं बायका बेकरीत, तिला नेमकं ऐकू जाईल अशा बेतानं बोलत. आल्मूट पाव घ्यायची आणि चालू लागायची.

इन्सा आठ वर्षांची असताना आलर नदीत बुडाली. पहिली दोन वर्षं आल्मूटनं कबर फुलांनी भरून टाकली. मग नवरा ब्रेमेनला गेला तो गेलाच, आणि आल्मूटनं अंथरूण धरलं. नवऱ्यानं सोडलं तरी नणंदेनं तिला सोडलं नाही. फ्राउके रोज सूप घेऊन यायची, शिव्या घालून ते पाजायची. मार्च आला तसं तिनं आल्मूटला बखोटीला धरून दफनभूमीत नेलं.

फुलं केव्हाच वाळून गेली होती. उघड्या वाळूत जागोजाग भोकं पडली होती, आणि त्यांतून मधमाशीच्या जातकुळीतल्या माश्या वर येत होत्या. छातीवर राखाडी लव, पोट काळं चकचकीत. आल्मूट तिथंच खाली बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. दुसऱ्या दिवशी ती कुणी न नेता आपली आपण गेली.

या माश्यांना ना पोळं, ना राणी, ना मध. शेजारी शेजारी राहतात, पण प्रत्येकीचं बिऱ्हाड वेगळं. एकटीच खणते, नदीकाठच्या वाळुंजाच्या झाडांवरून पिवळे पराग पायांवर लादून आणते, त्यांचा गोळा करते, त्यावर एक अंडं घालते आणि ती खोली बुजवून पुढची खणायला घेते. गांधीलमाशीसारखी दिसणारी एक आयतोबा जात आसपास घिरट्या घालत असते; हिची पाठ वळली की आत शिरून आपलं अंडं ठेवून जाते. मेअखेर आई मरते. पोर आत परागांवर वाढतं, पानगळीपर्यंत त्याला पंख फुटतात, हिवाळाभर ते तसंच पडून राहतं आणि मार्चमध्ये स्वतः वाट काढून वर येतं. मायलेकरांची गाठ पडतच नाही. आल्मूटला त्या आयांचा हेवा वाटे. पोर गेलेलं बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

पुढं तिला इतरही ओळखू येऊ लागल्या. अवजारांच्या खोलीच्या कुलपात मातीचं दार लिंपणारी तांबूस माशी, कुणाच्याशा गुलाबाची पानं गोल कातरून नेणारी माशी. पण जीव या राखाड्यांवर. त्या वर आल्या की आल्मूटला वाटे, इन्सानं पाठवल्या. हे ती मोठ्यानं कधी बोलली नाही.

फ्राउकेची अ‍ॅस्परॅगसची शेती. आमच्या वाळूत तेच पिकतं आणि त्या भाजीचे कोंब पांढरे राहावेत म्हणून वाफ्यांवर काळं प्लास्टिक अंथरावं लागतं. त्यामुळे फ्राउकेचा हात झाकण्यात पटाईत. तिच्या वाड्यात लाकडंसुद्धा उघडी दिसायची नाहीत. वसंतात आल्मूट तिच्याकडे कोंब निवडायला बसे. ती माश्यांबद्दल बोलू लागली की फ्राउके "हो का? वा," म्हणे आणि कोंब मोजत राही. बेकरीतले टोमणे मात्र तिला झोंबत.

या फेब्रुवारीत आल्मूट बर्फावर घसरली आणि तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया, मग व्यायामाचं केंद्र. घरी सोडेपर्यंत अर्धा एप्रिल सरला. फ्राउके तिला न्यायला आली आणि गाडी तिनं थेट दफनभूमीकडे वळवली.

"डोळे मीट म्हणणार होते," ती म्हणाली, "पण कुबड्या घेऊन पुन्हा आपटशील."

कबरीवर पांढरेशुभ्र गोटे पसरले होते. एकसारखे, धुतलेले. कडेनं विटांची ओळ.

"कधी केलंस हे?"

"तू पडलीस त्याच आठवड्यात. एकटीनं केलं, हात बघ कसे फुटलेत. खाली आपलं वावरातलं प्लास्टिक आहे, दुहेरी. गवताची काय बिशाद आहे! आता त्या बेकरीतल्या बायका उघडू देत तोंड." तिनं आल्मूटच्या कोटाची कॉलर नीट केली. "आता तुला इथं काही म्हणता काही करायला नको."

आल्मूटला तिला मिठी मारावीशी वाटली आणि तिच्या थोबाडीत द्यावीशीही वाटली. दोन्ही हात कुबड्यांवर होते.

"कोपरा उचल, फ्राउके."

"अगं, आत्ताच तर—"

"उचल. मला वाकता येत नाही."

फ्राउके पुटपुटत गुडघ्यांवर बसली, गोटे बाजूला सारले आणि प्लास्टिक वर ओढलं. खाली ओलसर वाळूवर माश्या पडल्या होत्या, एकीवर एक. वरपर्यंत वाट काढली होती साऱ्यांनी. काही प्लास्टिकलाच चिकटून वर आल्या.

"ई, किडे झालेत बघ," फ्राउके म्हणाली. "बरं झालं झाकलं ते."

तिनं मान वळवली. पोरीला मातीत ठेवताना जिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, ती आल्मूट तोंड उघडं टाकून रडत होती.

फ्राउकेला समजायला थोडा वेळ लागला. "या त्या?"

"या त्या."

मग फ्राउकेनं गोटे फेकले, विटा उपटल्या, सगळं प्लास्टिक फाडून काढलं. नखांतून रक्त आलं तरी थांबली नाही. दोघी बाकावर बसल्या. ऊन वर आलं, वाळू वाळून पांढरी पडली. एकही भोक उघडलं नाही.

"पुढच्या वर्षी येतील ना गं?" फ्राउके म्हणाली. "मी कशाला हातसुद्धा लावणार नाही. गवत माजलं तर माजू दे. पुढच्या वर्षी येतील ना?"

आल्मूटनं तिचा रक्ताळलेला हात आपल्या मांडीवर घेतला.

"पुढच्या वर्षीच्या यांच्याच पोटात होत्या, फ्राउके."