करमुक्त डॉक्टर

‘करमुक्त’ या शब्दावर आमच्या मराठी मंडळाच्या खजिनदारांइतकं प्रेम अख्ख्या इंग्लंडात कुणी केलं नसेल. बायकोचा नंबर त्यानंतरचा. ब्रॅकनेलच्या एका आयटी कंपनीत हयात घालवलेल्या या गृहस्थानं मुलगी झाल्यावर पाळणा आणायच्या आधी तिच्या नावानं मुलांसाठीचं करमुक्त बचत खातं उघडलं. मग तिच्या प्रत्येक वाढदिवसाच्या आमंत्रणाखाली ओळ ठरलेली: ‘खेळणी आणू नयेत, खात्यात पैसे भरावेत.’ मी एकदा हट्टानं बाहुली नेली, तर यांनी माझ्याकडून पावती मागून घेतली, बाहुली दुकानात परत केली आणि पैसे खात्यात टाकले. पोर दारात उभी राहून बघत होती. “तिच्या मेडिकलची सोय चाललीये, वहिनी,” मला म्हणाले. त्यामुळे या होणाऱ्या डॉक्टरमध्ये आपलाही वाटा आहे, असं सगळं मंडळ धरून चाललं.

कराचे सगळे नियम तोंडपाठ, पण एक नियम यांच्या डोक्यात कधी शिरलाच नाही. अठराव्या वर्षी ते पैसे मुलीचे होतात, फक्त तिचे. तिनं ते काढले, कार्डिफला जाऊन इलेक्ट्रिशियनचं ट्रेनिंग घेतलं, सगळ्या परीक्षा पास झाली आणि तिथल्याच एका हॉस्पिटलात वायरिंगच्या कामाला लागली. खजिनदार आम्हाला एवढंच सांगत, “मुलगी कार्डिफला हॉस्पिटलमध्ये असते.”

गेल्या गणपतीत ती आली. कुणीतरी कौतुकानं विचारलं, “कुठल्या डिपार्टमेंटला, डॉक्टर?” ती वडिलांकडे वळली. “बाबा, यू टेल देम. मी काय काम करते?” खजिनदार प्रसादाच्या प्लेट्स पुसत राहिले. “आय पास्ड एव्हरीथिंग, बाबा. ते पण नाही सांगणार?” शेवटी तिनंच सांगितलं, कोट उचलला आणि निघाली. “आम्ही काय बल्ब लावायला पैसे भरले होते?” ती दाराबाहेर पडायच्या आत एक काका म्हणाले, आणि लोक हसले. मला त्या हसण्याची शिसारी आली. बाप मात्र तेव्हाही प्लेट्सच पुसत होता, आणि त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

तेव्हापासून ती त्यांचा फोन घेत नाही. परवा खजिनदार म्हणाले, “वहिनी, कार्डिफपर्यंत याल का? मला एकट्याला नाही जमणार.” संध्याकाळी हॉस्पिटलसमोर गाडी लावली. बराच वेळ ते उजळलेल्या खिडक्यांकडे बघत होते.

“यातले तिचे दिवे कुठले असतील हो?”

“आत जाऊन तिलाच विचारा.”

त्यांनी सीटबेल्ट काढला. मग पुन्हा लावला.

“शिफ्टमध्ये असेल,” ते म्हणाले. “कामात असलेल्या माणसाला उगाच डिस्टर्ब नको.”

मी गाडी वळवली.