उलंगवाडीनंतरची जागल

माझं अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्या. बोलताना माझी जीभ अडते, म्हणून लिहिते.

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांतली गोष्ट. आमच्याकडे फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. अमक्यानं औषध घेतलं असं कानावर आलं की माणूस वाचला का, एवढंच विचारायचं. त्या हंगामात शेजारच्या गावातून दोनदा तसं ऐकू आलं. दोन्ही घरच्या बाया एकच सांगत होत्या, आधी महिनाभर त्याला झोप नव्हती.

आणि माझे सासरे, आमचे मामाजी, झोपत नव्हते. दिवाळीत सासूबाई गेल्या तेव्हापासून. माझे मालक जिनिंगवर कामाला, आठवड्यानं घरी येत. घरात आम्ही दोघंच. मी मामाजींसमोर कधी बोललेली नव्हते, ताटसुद्धा दारातून सरकवायची. अंगणात त्यांची पावलं वाजली की बैलांच्या कोठ्याकडे जातात की परत येतात, ते मी श्वास धरून ऐकायची. एक दिवस ते बाहेर गेले तेव्हा कोठ्यातला औषधाचा डबा मी काढला आणि कुटाराच्या, बैलांच्या भुशाच्या ढिगात खोल पुरला. मालकांनाही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात उपकेंद्रात साठीवरच्यांची तपासणी होती. मी सोबत गेले, भिंतीशी उभी राहिले. नर्सबाई बाहेरगावच्या, नव्या होत्या. त्यांनी बीपी पाहिला, मग कागदावरचे प्रश्न विचारले.

“बाबाजी, रात्री झोप लागते का?”

“जागलीवर असतो बाई. डुकरं लय झाली वावरात. झोपू कवा?”

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, “याचं थोबाड पाहून डुकरं घाटंजीपर्यंत पयतात, बाई.”

सगळे हसले. नर्सबाईही हसल्या, ‘शेतात जागल’ असं लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

उलंगवाडी होऊन महिना झाला होता. शेवटचं बोंड वेचून झालं होतं, पऱ्हाट्याही उपटल्या होत्या. उघड्या वावरात डुकरं काय खाणार? गावातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण नर्सबाईंना कोण सांगणार? मामाजी उठून चप्पल शोधू लागले. मी भिंतीपासून पुढे झाले.

“उलंगवाडी झाली ना, बाई,” मी म्हणाले. “वावरात काहीच नाही. मामाजी घरीच असतात. रातभर बसून राह्यतात.”

हसणं थांबलं. नर्सबाईंनी मामाजींना परत बसवलं आणि मला विचारलं, “घरात काही औषध आहे का?”

“आहे. अर्धा डबा. म्या कुटारात लपवला.”

त्यांनी झोपेच्या गोळ्यांचं विचारलं होतं, हे मला मागाहून कळलं. त्यांचा पेन थांबला. मामाजींनी पहिल्यांदाच माझ्याकडे मान वळवली.

“म्हणून सापडला नाही,” ते हळूच म्हणाले.

मी तिथंच खाली बसले.

नर्सबाईंनी मालकांना निरोप धाडला. त्याच दिवशी मामाजींना यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. जीपसाठी त्यांनी स्वतःच्या पर्समधून शंभर रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. संध्याकाळी घरी येऊन डबाही घेऊन गेल्या. मामाजी दहा दिवस दवाखान्यात होते. डॉक्टर त्यांच्याशी काय बोलले, ते मी कधी विचारलं नाही.

परत आल्यावर झोप एकदम आली नाही. आधी दोन तास, मग चार. माझ्याशी मात्र ते बोलत नव्हते. चारचौघांत त्यांना उघडं पाडलं, याचा राग असेल असं वाटे. खाट करकरली की मी अजूनही जागी होई.

निंदणाच्या मजुरीतून मी नर्सबाईंना वीस-वीस रुपये देत गेले. शेवटचे वीस मामाजींनी हात पुढे करून मागितले आणि स्वतः चालत उपकेंद्रात गेले. येऊन दारात थांबले.

“बाईचे पुरे फिटले, सूनबाई,” ते म्हणाले.