मिस्त्रीमोशायांची तिरकी मान

पुण्यात छपाई शिकलो, दोन वर्षं तिथेच एका छापखान्यात काढली आणि सत्तर सालच्या आसपास कलकत्त्याला रोटरी मशीनचा सुपरवायझर म्हणून रुजू झालो, तेव्हा माझा ठाम समज होता की शाईबद्दल मला आता कोणी काही शिकवायला नको. वयच तसं होतं. त्यात माझा राग नाकावर. बायको म्हणायची, "तुम्ही बंगाली शिकायच्या आधी बंगालीत भांडायला शिकाल." तिचं खरं झालं.

छापखाना खिदिरपूरच्या बाजूला होता. मशीनवरचे हेड मिस्त्री साठीला टेकलेले, किडकिडीत, पांढरंशुभ्र धोतर नेसणारे. सगळे त्यांना मिस्त्रीमोशाय म्हणत, म्हणजे आपल्याकडचे मिस्त्रीसाहेब. रोटरीची शाई काकवीसारखी घट्ट असते. ती एका लांब पन्हळीत भरायची, पन्हळीच्या काठाला ओळीनं चाव्या असतात, त्या पान्यानं पिळून कुठे किती शाई रोलरवर जाईल ते ठरवायचं. एका चावीखाली चार बोटं रुंदीचा पट्टा. एक चावी सैल राहिली की तेवढा पट्टा काळाकुट्ट, घट्ट झाली की फिका. रोलरवर शाई सगळीकडे सारखी पसरली पाहिजे, बाकी मशीन आपलं आपण बघून घेतं.

मिस्त्रीमोशाय हे काम कानानं करत. म्हणजे तसा सगळ्या छापखान्याचा विश्वास होता. मशीन अगदी मंद चालवायचं आणि ते रोलरशी वाकून, मान तिरकी करून उभे राहायचे. शाई बरोबर असली की पुरी तळताना होते तशी चुरचुर, जास्त झाली की चटचट, कमी असली की काहीच नाही. मी पुस्तकात वाचलेली मापं सांगायचो, ते हसून म्हणायचे, "बाबू, मापाला कान नसतात." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दुर्गापूजेच्या आधी आमच्याकडे रेल्वेगाड्यांच्या वेळापत्रकाचं मोठं काम आलं. सगळी पानं बारीक इंग्रजी आकड्यांची. शाई जरा जास्त झाली की तिनाचं पोट भरून त्याचा आठ दिसणार, आणि कुणीतरी बिचारा बायकापोरांना घेऊन गाडी गेल्यावर हावड्याला पोचणार. त्याच आठवड्यात एका दुपारी हमाल कागदाचं भलंमोठं रीळ ढकलत आणत होते आणि मिस्त्रीमोशाय वाटेत पाठमोरे उभे. आम्ही चौघं ओरडलो. ते जागचे हलले नाहीत. मी धावत जाऊन त्यांना दंडाला धरून ओढलं आणि मराठीत नको नको ते बोललो. ते माझ्या ओठांकडे बघत होते. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. म्हाताऱ्याला ऐकूच येत नव्हतं!

मॅनेजरच्या कानावर हे गेलंच. त्यांनी मला वर बोलावलं. "कानानं शाई लावणारा माणूस बहिरा झाला तर मशीनवर कशाला? वेळापत्रक छापून होऊ द्या, नीट बघा आणि लेखी रिपोर्ट द्या. मशीनवर ठेवायचं की गोडाऊनला पाठवायचं?"

मी खाली येऊन मॅनेजरचं बोलणं मिस्त्रीमोशायांना कागदावर लिहून दाखवलं. ते बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, "गोडाऊनमध्ये शाई डब्यात बंद असते, बाबू. मी तिथे बसून काय करू?"

 इतके दिवस ज्यांच्याशी उभा दावा मांडला होता, त्यांच्यासाठी माझा जीव असा तुटेल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी तिथल्या तिथे एक युक्ती काढली. मशीनच्या पलीकडे मी उभा राहणार, मी ऐकणार आणि हातानं खुणा करणार. बोट वर केलं की शाई वाढवायची, मूठ केली की कमी करायची. कितवी चावी तेही बोटांनी. त्यांनी मान डोलावली.

वेळापत्रकाच्या दिवशी मॅनेजर स्वतः येऊन माझ्याकडे पाठ करून उभे, नजर फक्त मिस्त्रीमोशायांवर. मशीन मंद सुरू झालं. मिस्त्रीमोशाय वाकले, मान तिरकी केली. मी पलीकडून जीव तोडून खुणा करतोय, बोट, मूठ, पुन्हा बोट. घामानं सदरा भिजला. ते माझ्याकडे बघून दरवेळी मान डोलावत आणि चाव्या पिळत. मशीननं वेग घेतला, पहिली पानं बाहेर आली. मॅनेजरनी भिंग लावलं. तीन ते तीन, आठ ते आठ. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शाई अशी सारखी की दृष्ट लागावी.

घरी जाऊन मी बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं. माझ्यामुळे एका म्हाताऱ्याची अब्रू कशी वाचली वगैरे. ती सदऱ्यावरचे शाईचे डाग घासत म्हणाली, "वा! आता एक पुतळा बसवा तुमचा." मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि रिपोर्ट लिहायला बसलो. "श्रवणशक्ती उत्तम आहे." धडधडीत खोटं, पण पुण्यकर्म म्हणून लिहिलं.

सकाळी तो कागद मोठ्या ऐटीत मिस्त्रीमोशायांना दाखवला. त्यांनी वाचला आणि परत केला.

"बाबू, राग मानू नका. तुमच्या खुणांप्रमाणे चाव्या फिरवल्या असत्या तर डावीकडच्या सगळ्या गाड्या आठ वाजता सुटल्या असत्या."

 मी कागद-पेन्सिल घेऊन लिहिलं, "मग मान का डोलावत होता?"

"तुम्ही एवढे तळमळीनं हात हलवत होता. बरं दिसलं नसतं."

मी कपाळाला हात लावला. मग त्यांनी मशीन मंद चालू करायला सांगितलं, माझी मान धरून रोलरशी वाकवली आणि तिरकी केली. काळ्याभोर रोलरवर वरच्या बल्बचं प्रतिबिंब पडलं होतं. उजवीकडे ते स्वच्छ, गुळगुळीत. त्यांनी डावीकडची एक चावी मुद्दाम सैल केली. थोड्या वेळात तिथला उजेड संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत झाला.

"कान जायला लागले तेव्हा हे शिकलो," ते म्हणाले. "मान तशीच तिरकी ठेवली. लोकांना सवय होती. कानाचं एवढं कौतुक आयुष्यभर सांगितलेलं, आता कोणत्या तोंडानं सांगू?"

मी तो रिपोर्ट फाडला. नवा लिहिला, दोनच वाक्यांचा. "यांना ऐकू येत नाही. शाई यांनीच लावावी." त्यांना दाखवला. पहिलं वाक्य वाचून त्यांचा चेहरा उतरला. मी दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. 

मी तो घेऊन वर गेलो. मॅनेजरनी कागद वाचला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "बहिऱ्या माणसाला मशीनवर ठेवायचं आणि त्याच्या पाठीमागून रीळ आलं तर?"

"रीळ यायचं असेल तेव्हा त्यांच्या मागे मी उभा राहीन," मी म्हणालो.

"रोज?"

"रोज."

त्यांनी वेळापत्रकाचं पान पुन्हा एकदा भिंगाखाली धरलं, बराच वेळ बघितलं आणि माझ्या कागदावर सही केली.

मी जिने उतरत आलो आणि लांबूनच दोन्ही हात वर केले. मिस्त्रीमोशायांनी धोतराच्या टोकानं डोळे पुसले, त्या पांढऱ्याशुभ्र धोतराला काळा पट्टा उमटला तरी त्यांना पत्ता नाही. मग त्यांनी आपला पाना, जो ते कोणाच्या हाती देत नसत, माझ्या हातात दिला. "डावीकडच्या तीन चाव्या आजपासून तुमच्या. चुकलात तर बोलेन."

पहिल्याच चावीला मी चुकलो. ते बोलले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, त्यामुळे मी किती गाढव आहे हे अख्ख्या खात्याला ऐकू गेलं. लोक हसत होते आणि मिस्त्रीमोशायांच्या मागे उभा राहून मीही हसत होतो.