माशांच्या वाटेची दुरुस्ती

बंधारा फोडून घ्यायचा होता आणि मी अर्ज केला दुरुस्तीचा. आमचा भाग मैसूर राज्यात गेल्यापासून कचेरीचा कारभार कानडीत झाला होता. मला कानडी लिहिता यायचं, म्हणून औरादला माझ्या किराणा दुकानावर लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे. त्यामुळे मी स्वतःला जरा शहाणा समजायचो.

आम्ही भोई. माझ्या वडिलांनी जाळं सोडून दुकान टाकलं, पण बायकोच्या माहेरी अजून मासेमारीच होती. पावसाळ्याच्या तोंडाला मांजरा नदीतले मासे अंडी घालायला त्यांच्या गावच्या ओढ्याने वर चढायचे. खाली बंधारा झाला आणि चढण जवळजवळ थांबली.

माझा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ, म्हणाला, ‘‘पाव्हणं, अजून एक पावसाळा बघतो. मासे न्हाई चढले तर हैदराबादला जायलोय, इमारतीच्या कामावर.’’

बायको मला म्हणाली, ‘‘दुनियेचे अर्ज लिवायलाव. अण्णासाठी एक लिवा की.’’

बिदरच्या कचेरीतले कारकून पान चघळत म्हणाले, ‘‘बांधने का पैसा है, दुरुस्ती का भी है. तोडने का कौन देता जी?’’

तिथंच मला युक्ती सुचली. दुरुस्ती मागायची, आणि गवंडी आला की चहा पाजून त्याच्याकडून एका टोकाला खिंडार पाडून घ्यायचं.

पैसा आला, तोही लवकर. पण गवंडी आला तेव्हा मी माल भरायला उदगीरला गेलो होतो. बंधाऱ्याच्या कडेला एक भेग होती, तिच्यातून थोडे मासे अंग चोरत वर जायचे. त्या भल्या माणसानं नेमकी तीच सिमेंटनं बुजवली.

त्या पावसाळ्यात मासे उड्या मारून भिंतीवर आपटत राहिले. सरकारला शिव्या द्याव्यात, तर अर्जावर सही माझी. बांधलेलं मोकळं करायला कचेरीत कुठला रकानाच नाही, हे बघून मला राग आला होता; पण आपली चूक कबूल करायला माझ्या घरात तरी असा रकाना कुठं होता? शिवाय बंधाऱ्यामुळं ज्यांच्या विहिरींना पाणी आलं, त्यांचंही काही खोटं नव्हतं. मेहुणा वळकटी घेऊन हैदराबादच्या गाडीत बसला.

मग मी दुसरा अर्ज केला, सरळ. एका टोकाला वाट फोडा. पावसाळा सरला की आम्ही फळ्या लावून पाणी अडवू. अर्जाखाली विहिरीवाल्यांच्याही सह्या घेतल्या. मत्स्यखात्याचे एक साहेब येऊन ते आपटणारे मासे बघून गेले. बराच काळ काही हललं नाही. शेवटी उन्हाळ्यात त्यांच्याच खात्याच्या पैशातून वाट फुटली.

पाणी आलं तसे मासे चढले. पहिल्या दिवशी जाळं लावायचं नाही, आधी चढणाऱ्यांना जाऊ द्यायचं, ही आमची रीत. म्हणून आम्ही नवराबायको काठावर नुसतं बघत बसलो. मी आपला शाबासकीची वाट बघत होतो.

ती म्हणाली, ‘‘उद्या जाळं लावायला अण्णा पायजे. पत्र लिवा त्याला. अन् सरळ लिवा, ये म्हणून. युक्ती काढू नका.’’