ओल्या बाभळीच्या मुठी

ज्या साली आपला यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच साली जफर कळंबातून निघून बोरी अरबात आला. जिल्ह्याला चार वर्षांत आणखी एक नवं राज्य मिळालं. जफर मात्र जिथं बसवला तिथंच राहिला. निजामुद्दीनच्या भात्याच्या डाव्या अंगाला, पोत्याच्या तुकड्यावर.

निजामुद्दीन म्हणजे बोरीचा सुरीवाला. त्याचं पातं घ्यायला लोक दारव्ह्याहून यायचे. लेक एकच, फरीदा. लेकीचं लग्न करायचं होतं, पण तिला घराबाहेर धाडायची नव्हती. म्हणून त्यानं आई-बाप नसलेला, हातानं चपळ असा जफर शोधला आणि निकाह लावून दोघांनाही घरातच ठेवून घेतलं. गावानं त्या दिवसापासून जफरचं नावच पुसून टाकलं. लहान-थोर सगळ्यांचा तो जवाईबापू. शेळ्या हाकणारी म्हातारीसुद्धा म्हणायची, "जवाईबापू, जरासे सरका, बकरी जाऊ द्या." जावयाला मान असतो हे खरंच. पण मानाच्या पाटावर बसवलेल्या माणसाला मधेच उठून जाता येत नाही, हे तुम्ही कोणत्याही पंगतीत पाहून घ्या.

जफरचं मन इंजिनात होतं. त्याचा चुलतभाऊ अय्यूब वणीला ट्रक दुरुस्तीचं दुकान चालवायचा. कोळशाचे ट्रक रोजच कुठं ना कुठं मोडून पडायचे, त्यामुळे ये, ये म्हणून त्याचे निरोप यायचे. जफरनं पहिल्यांदा गोष्ट काढली तेव्हा सासरा म्हणाला, "जाय ना. मी कायले अडवू? पन मानसाच्या हातात एक काम तं पुरं पायजे. ज्या दिवशी तुही मूठ बाजारातून वापस नाई येनार, त्या दिवशी तू मोकळा."

मूठ बसवणं दिसतं सोपं. पात्याच्या मागं निमुळती शेपटी असते. लाकडाला भोक पाडायचं, त्यात लाख आणि विटेची भुकटी भरायची, शेपटी तापवून आत दाबायची आणि लाख आवळून येईपर्यंत हात हलू द्यायचा नाही. जफरची पहिली सुरी पाहून निजामुद्दीन म्हणाला होता, "दुल्हेमियाँ, पातं चाललं यवतमाळले अन् मूठ दारव्ह्याकडं पाहून राह्यली." कधी भोक तिरकं जायचं, कधी लाख जळून तिचा भुसा व्हायचा. पण म्हातारा चुकलेली सुरी फेकू द्यायचा नाही. पात्याला ओलं फडकं गुंडाळायचं, नाहीतर धारेचं पाणी उतरतं. मग मूठ तेवढी चुलीतल्या भुभळीत पुरायची. गरम राखेत लाख मऊ पडली की मूठ सुटून येते. शेपटी साफ करून नवी मूठ बसवायची. पहिलं वर्ष फरीदाच्या चुलीत भाकरीपेक्षा मुठीच जास्त भाजल्या. "आज कालवन कायचं करू? सुरीचं का विळ्याचं?" असं ती नवऱ्याला विचारायची, आणि तोही हसून घ्यायचा.

दुसऱ्या वर्षी मुठी परत येणं थांबलं. जफर सासऱ्यापुढं उभा राहिला. "मामू, या सालात एकबी वापस नाई आली."

"तेच तं," निजामुद्दीन म्हणाला. "आता लोक पातं पाहतच नाईत, पहिले मूठ दाबून पाहतात. असा हात सोडून मी कोनाच्या भरवशावर बसू?"

घ्या. हात कच्चा होता तेव्हा कच्चा म्हणून थांब, पक्का झाला तर पक्का म्हणून थांब. जफरनं आणखी दोनदा विचारलं. एकदा म्हातारा खोकत बसला, एकदा नमाजला उठून गेला.

मग एका हिवाळ्यात जफरनं काय केलं, आढ्यावर सुकत ठेवलेलं लाकूड तसंच राहू दिलं आणि नाल्यावरून ताज्या तोडीची ओली बाभूळ आणली. ओलं लाकूड तासायला लोण्यासारखं. थंडीत मूठ अशी घट्ट बसते की बैलांनी ओढली तरी निघायची नाही. पण ऊन तापलं की तीच सुकते, चिरते आणि आतली लाख सुटते. त्याचा हिशोब साधा होता. उन्हाळ्यात मुठी निखळतील, लोक बोंबा मारतील, सासरा चिडून म्हणेल, चालता हो. एवढा एक शब्द त्याला हवा होता. फरीदाला तो इतकंच म्हणाला, "पान्याच्या आधी आपन वणीले जाऊ." फरीदा एक पत्र्याची पेटी रिकामी करून तिच्यात हळूहळू सामान भरायला लागली.

चैत्र लागला आणि बेबीताई आली. ही बाजारात टरबुजं कापून विकणारी. एका हाताला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, चिंधी लाल झालेली. दुसऱ्या हातात पातं वेगळं, मूठ वेगळी.

"रागावू नका, जवाईबापू," ती म्हणाली. "माह्याच हातानं बिघडली पाहा. टरबुजाचं पानी लागते म्हनून धुऊन उन्हात ठेवत होती मी. हातातच गरकन फिरली. पुन्हा बसवून देसान का?"

जफरनं बोंबांचा हिशोब केला होता, हाताचा केला नव्हता. मूठ निजामुद्दीननं उचलली, चिरेला नाक लावलं आणि बेबीताई कोपऱ्यावरून वळल्यावरच तोंड उघडलं.

"ओली बाभूळ," तो म्हणाला. "चुकून?"

"नाई."

"जायचं होतं तं सांगायचं होतं."

"सांगतलं ना मामू. चार खेपा."

"मंग पाचव्यांदा सांगायचं. त्या बाईचा हात कायले कापला?"

जफर त्या एका शब्दाची वाट पाहत उभा राहिला. चालता हो. म्हाताऱ्यानं तो काही काढला नाही. त्यानं विचारलं, "अजून किती हायेत अशा?"

"हिवाळाभर तेच लाकूड."

"मंग जाय, वापस आन."

आता गंमत अशी, की लोक सुऱ्या द्यायलाच तयार नाहीत. मारोतरावांनी तर सुरी कमरेमागं लपवली. "तुमची मूठ कधी हालते का, जवाईबापू? माही बायको मागा, सुरी नका मागू." मागून बायकोचा आवाज आला, "देऊन टाका, मलेबी अन् सुरीलेबी." जफरनं मूठ पिळून दाखवली, पातं आत गरगर फिरलं, तेव्हा कुठं त्यांनी ती सोडली. लाकूड वाईट निघालं, असं तो सगळीकडं सांगायचा. लोक बाभळीला शिव्या द्यायचे, त्याच्या पाठीवर हात ठेवायचे आणि चहा पाजायचे. रोज दिवसभर हिंडायचा, मग चुलीपाशी बसून सुकं लाकूड तासायचा. जितक्या सुऱ्या बसवून द्यायचा, तितक्यांची आणखी कुणाला तरी आठवण यायची. कुणी पाहुण्याला दिलेली, कुणी शेतातल्या खोपडीत विसरलेली.

अशात ज्येष्ठाच्या शेवटी अय्यूबनं धाडलेला ट्रक सडकेवर येऊन थांबला. भोंगा वाजला. फरीदा पेटी घेऊन उंबऱ्याबाहेर आली. ड्रायव्हर ट्रकच्या दारातूनच म्हणाला, "चाला लवकर. अय्यूबभाईनं सांगतलं, आता नाई आला तं दुसरा मानूस ठेवतो."

भुभळीत मुठी पुरलेल्या होत्या. जफरच्या हातातल्या सांडशीत तापलेली शेपटी, भोकात लाख उकळत होती.

निजामुद्दीननं त्याच्याकडं पाहिलं. "जाय," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, कुठली अट न घालता. "बाकीच्या मी बसवतो."

आणि त्यानं सांडशी घ्यायला हात पुढं केला. हात थरथरत होता. किती दिवसांपासून थरथरत होता कोण जाणे. घण मारताना ती थरथर दिसत नव्हती, घणाच्या वजनाखाली झाकली जायची. हात नुसता पुढं केला तेव्हा दिसली. त्या हातानं बसवलेली मूठ कुणाच्या तरी तळव्यात फिरणार, हे जफरला कुणी सांगायला नको होतं.

भोंगा पुन्हा वाजला.

"फरीदा," जफर म्हणाला, "पेटी आत ने."

तिनं पेटी उंबऱ्यावर टेकवली. "पुऱ्या सुऱ्या झाल्यावर जाऊ का मंग?" तिनं विचारलं.

लाख थंड व्हायला लागली होती. जफरनं शेपटी भोकात घातली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. म्हातारा सरकून जवळ आला आणि ओल्या फडक्यानं त्यानं पातं धरलं, सरळ राहावं म्हणून. ट्रकचं इंजिन सुरू झालं. आवाजावरून जफरला कळलं की इंजिनाच्या एका नळीत कचरा आहे, पुढं कुठंतरी बंद पडणार. पण लाख अजून आवळली नव्हती आणि तोवर हात सोडता येत नव्हता.